ऑल सोल्स डे, म्हणजे मृतांचा दिवस: बेळगाव-खानापूरकडून वारंवार येणारे प्रश्न

दसरा झाला की आमच्या चर्चच्या ग्रुपवर आणि माझ्या फोनवर तेच प्रश्न पुन्हा यायला लागतात. काही कोंकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांतून येतात, काही गल्लीतल्या मराठी हिंदू शेजाऱ्यांकडून, काही मेथडिस्ट, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या मैत्रिणींकडून, आणि सगळ्यात अवघड प्रश्न येतात ते दोन धर्मांत लग्न झालेल्या घरांतून. मी फादर नाही. बरीच वर्षं सिमेट्रीच्या, म्हणजे आमच्या दफनभूमीच्या, साफसफाईला जाते, मिस्सात (चर्चच्या मुख्य प्रार्थनाविधीत) वाचायच्या मृतांच्या नावांच्या याद्या लिहून घेते, आणि फादरांना विचारून, वाचून जे कळलं ते सांगते. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. ऑल सोल्स डे म्हणजे नेमकं काय? कधी असतो?

दरवर्षी २ नोव्हेंबरला. देवावर विश्वास ठेवून जे गेले, पण ज्यांची अजून देवापाशी पोचायची वाट पूर्ण झालेली नाही असं आपण मानतो, त्या सगळ्यांसाठी प्रार्थना करायचा हा दिवस. मराठीत कुणी ‘मृतांचा दिवस’ म्हणतं, कुणी ‘सर्व मृतांचा स्मरणदिन’. कोंकणी घरांत ‘अल्मां’ हा शब्द ऐकू येतो. तो पोर्तुगीज ‘आल्मा’वरून, म्हणजे आत्म्यावरून आला. तारीख इंग्रजी कॅलेंडरची असल्यामुळे तिथी बघावी लागत नाही.

२. मग १ नोव्हेंबरला काय असतं? दोन्ही एकच ना?

नाही. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. स्वर्गात पोचलेल्या सगळ्यांचा. चर्चने नाव जाहीर केलेले संत त्यात आलेच. पण ज्यांचं नाव कुणालाच ठाऊक नाही, ज्यांनी साधेपणाने जगून देवाला आपलंसं केलं, असे लोकही आले. हा आनंदाचा सण, म्हणून फादर पांढरा झगा घालतात. त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानातलं ‘जे आत्म्याने दीन ते धन्य’ हे वचन वाचतात. दुसऱ्या दिवशी झगा जांभळा असतो.

मराठीत ‘संत’ म्हटलं की तुकोबा, ज्ञानोबा डोळ्यांसमोर येतात, म्हणून गोंधळ होतो. मराठी बायबलच्या नव्या करारात यासाठी ‘पवित्र जन’ असा शब्द आहे, आणि मला तो फार नेमका वाटतो. पहिल्या दिवशी आपण पवित्र जनांना म्हणतो, ‘आमच्यासाठी प्रार्थना करा.’ दुसऱ्या दिवशी आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. एवढा फरक लक्षात राहिला तरी बाकीचं सोपं जातं.

३. १ नोव्हेंबरला आम्हाला सुट्टी असते ती तुमच्या सणाची का?

हा प्रश्न शाळेतली मुलं हमखास विचारतात. सुट्टी कर्नाटक राज्योत्सवाची. १९५६ साली १ नोव्हेंबरला भाषावार राज्यरचना झाली, १९७३ साली त्याच तारखेला म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, आणि २०१४ साली त्याच तारखेपासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. सीमाभागातले मराठी लोक १९५६पासून हाच दिवस काळा दिन म्हणून पाळतात. सर्व संतांचा सण या सगळ्याच्या अकराशे वर्षं आधीपासून त्या तारखेला आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

व्यवहारात मात्र संबंध येतो. त्या दिवशी शहरात मिरवणूक असते, फेरी असते, चन्नम्मा चौकाच्या बाजूला गर्दी असते. लांबून मिस्साला येणाऱ्यांनी लवकर निघावं. आमच्याकडे एकाच बाकावर कन्नड, मराठी, कोंकणी, तमिळ बोलणारे बसतात. त्या सकाळी ते शेजारी शेजारी गुडघे टेकतात, हे मी दरवर्षी बघते आणि मला ते मोलाचं वाटतं.

२ नोव्हेंबरला सरकारी सुट्टी नसते. वार कामाचा असला तर सकाळी लवकरची किंवा संध्याकाळची वेळ तुमच्या चर्चच्या फलकावर बघा.

४. हा दिवस सुरू कुणी केला? येशूने सांगितला होता काय?

ठराविक दिवस येशूने सांगितला नाही. मृतांसाठी प्रार्थना करायची चाल जुनी आहे, दिवस नंतर ठरला.

चाल किती जुनी, त्याची एक गोष्ट मला फार आवडते. संत ऑगस्टिनची आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ओस्तिया बंदरात आजारी पडली. घर समुद्रापलीकडे आफ्रिकेत. आईला परमुलुखात पुरावं लागणार म्हणून मुलं कासावीस झाली. ती म्हणाली, देह कुठेही ठेवा, त्याची काळजी नको; फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ज्यांच्या घरचं माणूस दुबईत किंवा मुंबईत गेलं आणि तिथेच पुरलं, त्यांना मी हीच गोष्ट सांगते.

आता दिवसांचं. आधी हुतात्म्यांचे दिवस पाळले जात, पण छळाच्या काळात हुतात्मे इतके झाले की प्रत्येकाला वेगळा दिवस देणं अशक्य झालं. मग सगळ्यांचा मिळून एक दिवस आला. ६०९ साली १३ मे रोजी पोप चौथे बोनिफेस यांनी रोममधलं पँथिऑन हे जुनं देऊळ मरियामाता आणि सर्व हुतात्म्यांच्या नावे अर्पण केलं. पुढे आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी सेंट पीटर्समध्ये सर्व संतांसाठी एक प्रार्थनास्थळ केलं. १ नोव्हेंबर ही तारीख तिथून आली असं मानतात. ८३५च्या सुमारास पोप चौथे ग्रेगरी आणि सम्राट लुई यांच्या काळात ती फ्रँक राज्यभर पसरली. पूर्वेकडची चर्चेस मात्र आजही सर्व संतांचा सण पेंटेकॉस्टनंतरच्या (ईस्टरनंतर येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणानंतरच्या) पहिल्या रविवारी पाळतात.

२ नोव्हेंबर हे क्लुनीच्या मठाचं देणं. फ्रान्सच्या बर्गंडी भागातला हा मठ ९१० साली स्थापन झाला. तिथले मठाधिपती ओदिलो यांनी ९९८च्या सुमारास आपल्या सगळ्या मठांना सांगितलं, की सर्व संतांच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या मृतांसाठी घंटा वाजवा, प्रार्थना म्हणा, मिस्सा करा, गोरगरिबांना दान द्या. क्लुनीच्या हाताखाली पुष्कळ मठ होते, त्यामुळे चाल भराभर पसरली. आपल्याकडे ती गोव्यावरून आली. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली वेगळा झाला, तोवर इथला कारभार गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता.

५. म्हणजे तुमच्यात पण म्हाळ असतोय म्हणा की!

शेजारच्या मावशी दरवर्षी असं म्हणतात, आणि त्या प्रेमाने म्हणतात. गेलेल्यांची आठवण ठेवायची, त्यांच्यासाठी काहीतरी करायचं, वर्षातून एकदा सगळ्या घराने एकत्र यायचं, हे दोन्हीकडे आहे. तरी दोन्ही गोष्टी एक नाहीत.

म्हाळात पितरांना जेवण असतं, पिंड असतो, तर्पण असतं, कावळ्याची वाट बघतात. आमच्यात मृताला अन्न देत नाहीत. मृत माणूस भुकेला आहे किंवा आपल्यावर नाराज आहे असं आम्ही मानत नाही. आम्ही मागतो देवापाशी, त्याच्या वतीने. ‘याला विश्रांती दे, तुझा उजेड याच्यावर पडू दे’, एवढंच ते मागणं. म्हाळाला तिथी लागते, करणारा कोण ते ठरलेलं असतं. इथे लेक, सून, नातू, शेजारी, कुणीही मेणबत्ती लावू शकतं. शिवाय ज्यांच्या मागे कुणी नाही त्यांच्यासाठी तर हा दिवस मुद्दाम आहे. आमच्या सिमेट्रीत नाव पुसून गेलेल्या कबरी आहेत. मुलांना मी आधी तिथे मेणबत्त्या लावायला सांगते, घरच्या कबरीवर नंतर.

सर्वपित्री अमावास्येशी साम्य आहे का असं कुणी विचारलं तर ‘सर्व’ या शब्दापुरतं नक्की आहे, असं मी म्हणते. त्याहून पुढे ओढू नये. गोव्याकडून आलेल्या काही घरांत लग्नाआधी पूर्वजांच्या नावाने गरिबांना जेवू घालायची चाल आहे. ते पुण्यकर्म म्हणून करतात, ते जेवण पितरांपर्यंत पोचतं म्हणून नव्हे.

६. शुद्धिस्थान म्हणजे नरकाचाच एक भाग ना?

नव्हे. शुद्धिस्थानातल्या प्रत्येकाचं स्वर्गात जाणं नक्की असतं. उशीर आहे, पण दार बंद नाही. माणूस देवाच्या मैत्रीत मेला, तरी मनात राहिलेला हट्ट, कुणाचं केलेलं आणि न भरलेलं नुकसान, हे सगळं धुऊन निघायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. आग, साखळ्या, चटके ही चित्रकारांची चित्रं. चर्चची शिकवण दोनच गोष्टी ठामपणे सांगते: अशी शुद्धी होते, आणि आपल्या प्रार्थनांची त्यांना मदत होते. भात कापून आणल्यावर शेतातून आलेला माणूस हातपाय धुतल्याशिवाय पाटावर बसत नाही. घर त्याचंच असतं आणि ताटही त्याच्यासाठीच वाढलेलं असतं. माझ्या आजीने मला शुद्धिस्थान असं समजावलं होतं.

७. बायबलमध्ये हे कुठे आहे? आमच्या मेथडिस्ट मैत्रिणी म्हणतात, कुठेच नाही.

तुमचं बायबल कुठलं त्यावर ते आहे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात यहूदा मक्काबी युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला अर्पण पाठवतो, आणि मृतांसाठी प्रार्थना करणं हा पवित्र विचार आहे असं तिथे म्हटलंय. हे पुस्तक त्या ६६मध्ये नाही. म्हणजे मैत्रिणी त्यांच्या पुस्तकानुसार बरोबर सांगतात.

बेळगावात प्रोटेस्टंट कामाला दोनशे वर्षं झाली. लंडन मिशनचे लोक १८२०मध्ये इथे आले, आणि पुढे ते काम मेथडिस्टांकडे गेलं. ज्यांच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या मार्टिन ल्यूथर यांनी आपले मुद्दे मांडले ती तारीखही ३१ ऑक्टोबर १५१७, म्हणजे सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. शुद्धिस्थानाच्या नावाने पैसे घेऊन दंडमाफी देण्याच्या व्यवहारावर (दंडमाफी म्हणजे काय ते प्रश्न १४मध्ये) त्यांचा राग होता, आणि त्या रागाला कारण होतं हे आज कॅथलिकही मान्य करतात. पण मृतांची आठवण प्रोटेस्टंटांनी सोडून दिली असं नाही. मेथडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली यांना सर्व संतांचा सण फार प्रिय होता; त्यांनी आपल्या रोजनिशीत तसं लिहून ठेवलंय. तेव्हा वाद घालत बसण्यापेक्षा मैत्रिणीला १ नोव्हेंबरला सोबत न्या.

८. हॅलोविन हा याच सणाचा भाग आहे का? मुलांना भुताचे कपडे घालू का?

नाव याच सणावरून आलं. जुन्या इंग्रजीत ‘हॅलो’ म्हणजे पवित्र जन, आणि शेवटचा तुकडा म्हणजे संध्याकाळ. सर्व पवित्र जनांच्या सणाची आदली संध्याकाळ. भोपळे, मुखवटे, दारोदार गोड मागणं हे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या लोकचालींतून अमेरिकेत गेलं आणि तिथून आपल्या मॉलमध्ये आलं. चर्चच्या विधीत ते कधीच नव्हतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर मुलांना संतांचे कपडे घाला. मदर तेरेसांची निळ्या काठाची साडी घरात सहज जमते. आणि मृतांची भीती मुलांच्या मनात घालू नका. दोनच दिवसांनी त्यांना आजोबांच्या कबरीपाशी न्यायचं आहे.

९. सिमेट्रीत त्या दिवशी करतात काय? आम्ही हिंदू, आलो तर चालेल?

जरूर या. चपला काढायची सक्ती नाही, डोकं झाकायचीही नाही. कबरीवरून पाय टाकू नका, कडेने चाला, एवढं पुरे.

तयारी आठवडाभर आधी सुरू होते. आपल्याकडे पाऊस जबर, त्यामुळे ऑक्टोबरअखेर गवत कमरेला आलेलं असतं. आधी विळ्याने गवत काढायचं, मग कबर घासायची, क्रूसाला चुना लावायचा. फुलं झेंडूची आणि शेवंतीची, कारण त्या दिवसांत तीच बाजारात मुबलक असतात. सिमेट्रीतच किंवा चर्चमध्ये मिस्सा होते, मग फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. प्रत्येक घर आपापल्या कबरीपाशी उभं असतं. काही घरं माळेची प्रार्थना म्हणतात, काही नुसती गप्प उभी राहतात.

नोव्हेंबरची संध्याकाळ आणि बेळगावचा वारा, मेणबत्ती टिकत नाही. माझी आई नारळाची अर्धी करवंटी आणायची, तळाला मेणाचे दोन थेंब पाडून मेणबत्ती त्यात उभी करायची आणि करवंटीची उंच बाजू वाऱ्याकडे फिरवायची. आजही मी पिशवीत करवंट्याच नेते. प्लॅस्टिकचे पेले कृपा करून आणू नका. ते वितळतात, आणि चिकटलेलं प्लॅस्टिक दगडावरून निघता निघत नाही. मेण कसं काढायचं ते प्रश्न १७मध्ये आहे.

१०. त्या दिवशी उपास असतो का? मटण चालतं का? नवीन गाडी घ्यायला अशुभ आहे का?

उपास नाही. मटण-मासे चालतात, वार शुक्रवार असला तर घरातली नेहमीची चाल पाळा. अशुभ काहीही नाही.

११. २ नोव्हेंबरला फादर एका दिवसात तीन मिस्सा कशा करतात?

एरवी एका फादरने दिवसाला एकच मिस्सा करायची, गरजेप्रमाणे परवानगीने जास्त. या दिवशी मात्र प्रत्येक फादरला तीन करायची मुभा आहे. आधी ती स्पेन, पोर्तुगाल आणि त्यांच्या मुलखांपुरती होती. १९१५ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ती सगळ्या जगाला दिली. पहिलं महायुद्ध चालू होतं, रोज हजारो पोरं मरत होती, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना कमी पडत होत्या.

१२. २ नोव्हेंबर रविवारी आला तर?

रविवारच्या ठरलेल्या मिस्साऐवजी मृतांचीच मिस्सा होते. २०२५ साली असंच झालं, पुन्हा २०३१ साली होईल. जुने लोक ‘मग तो सोमवारी ढकलतात’ असं सांगतात. ते खोटं बोलत नाहीत, १९६९च्या कॅलेंडर बदलाआधी तसंच होतं.

१३. नावांच्या यादीबरोबर पाकिटात किती घालायचे? नाही घातले तर नाव वाचणार नाहीत का?

नाव वाचलं जातंच. पाकीट हे दान आहे, दर नव्हे. चर्चच्या कायद्यातच लिहिलंय, की गरिबांनी काही दिलं नाही तरी फादरांनी त्यांच्या इच्छेसाठी मिस्सा करावी. मागे एका बाईंनी पैसे नाहीत म्हणून नवऱ्याचं नाव लिहायचं टाळलं. मला ते वर्षभराने कळलं, आणि आजही मनाला लागतं. कृपया असं करू नका. नाव द्या. फक्त अक्षर स्वच्छ काढा आणि ‘बाबा’, ‘आबा’ न लिहिता बाप्तिस्म्याचं नाव लिहा.

१४. ८ नोव्हेंबरपर्यंत रोज सिमेट्रीत जायला सांगतात ते कशासाठी?

१ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत सिमेट्रीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, तर त्याबद्दल मिळणारी संपूर्ण दंडमाफी (पापाची क्षमा झाल्यावरही उरणाऱ्या शिक्षेची माफी) एका मृताच्या नावे देता येते. दिवसाला एक. सोबत पापनिवेदन (फादरांपाशी पापं कबूल करणं), कम्युनियन (मिस्सात पवित्र भाकर घेणं), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि पापाची ओढ मनातून सोडणं या अटी आहेत. पापनिवेदन रोज नको, त्या दिवसांच्या आसपास एकदा पुरतं. सिमेट्री लांब असली तर २ नोव्हेंबरला चर्चमध्ये जाऊन ‘आमच्या बापा’ आणि विश्वासांगीकार या प्रार्थना म्हणूनही हीच दंडमाफी मिळते. पैशाचा इथे कुठेही संबंध नाही. ज्या व्यवहारावर ल्यूथर चिडले (प्रश्न ७), तो चर्चने सोळाव्या शतकातच बंद केला.

१५. आजोबांची कबर सापडत नाही. दगडच नव्हता. आता काय करू?

आधी ते ज्या चर्चचे होते तिथली दफनाची नोंदवही बघायला मागा. प्रत्येक धर्मग्रामाला (पॅरिशला) ती ठेवावीच लागते. साल साधारण आठवत असलं तर काम सोपं होतं. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असू शकतात, नाव मात्र वाचता येतं. तरी जागा नाही मिळाली, तर सिमेट्रीतल्या मोठ्या क्रूसापाशी मेणबत्ती लावा. तो क्रूस त्यासाठीच असतो. मोनिकेची गोष्ट (प्रश्न ४) आठवा.

१६. भावाचं दहन केलं, अस्थी मलप्रभेत सोडल्या. वडील तर हिंदूच होते. आणि एका भाच्याने स्वतःच जीव दिला. यांच्यासाठी मिस्सा चालेल का?

हे तीन वेगळ्या घरांचे प्रश्न, पण उत्तर एकमेकांना लागून आहे म्हणून एकत्र केले.

दहनाला कॅथलिक चर्चने १९६३ साली परवानगी दिली. अस्थी मात्र पवित्र जागी नीट ठेवाव्या, पाण्यात किंवा वाऱ्यावर सोडू नयेत, असं २०१६ साली पुन्हा बजावलं. तुम्ही माहिती नसताना सोडल्या असतील तर भावासाठी प्रार्थना अडत नाही. आता घरात जो कुणी म्हातारा माणूस आहे, त्याच्या बाबतीत आधीच बोलून ठेवा.

हिंदू वडिलांसाठी प्रार्थना करता येते. मिस्साच्या प्रार्थनांमध्ये, ज्यांचा विश्वास फक्त देवालाच ठाऊक आहे अशा मृतांचाही उल्लेख येतो. भावांनी म्हाळ घातला आणि तुम्ही मिस्सा सांगितली, यात वडिलांचा अपमान नाही. म्हाळाच्या दिवशी माहेरी जा, बसा, जेवा. पिंडाच्या विधीत भाग घ्यावा का, हे तेवढं फादरांना विचारा.

ज्यांनी स्वतः जीव दिला त्यांना पूर्वी सिमेट्रीबाहेर पुरत, ही आठवण आपल्याकडे अजून ताजी आहे, म्हणून लोक ते नाव कुजबुजत सांगतात. आज चर्चची शिकवण स्पष्ट आहे: अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, आणि चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. मनाचा आजार, भीती, असह्य त्रास यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. नाव यादीत लिहा, इतरांच्या नावांसारखंच. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाचंही तसंच. चर्च त्याला देवाच्या दयेवर सोपवतं आणि बिशपांच्या परवानगीने त्याचा अंत्यविधीही होऊ शकतो.

१७. कबरीवर सांडलेलं मेण कसं काढायचं? आम्ही सुरीने खरवडलं आणि संगमरवरावर ओरखडे आले.

सुरी नको, उकळतं पाणीही नको. मेण वितळून दगडाच्या छिद्रांत जिरतं आणि डाग कायमचा राहतो. रात्रभर तसंच राहू द्या. नोव्हेंबरच्या पहाटे ते गारठून कडक होतं, तेव्हा जायचं, बांबूची कामटी किंवा लाकडी उलथणं आडवं धरून कडेने उचलायचं. मोठा तुकडा अख्खा निघतो. राहिलेला पातळ थर जुन्या सुती फडक्याने कोमट पाणी आणि साबण लावून पुसा. काढलेलं मेण फेकू नका. आम्ही ते एका डब्यात साठवतो आणि पुढच्या वर्षी, ज्या कबरींवर कुणी येत नाही तिथे, करवंटीत वात घालून लावतो.